आवाजातली जवारी

फाटलेला आवाज म्हणजे दोष, असे आमच्या पिढीने धरून ठेवले होते. गावात सप्ताह असो, उरूस असो की आमच्या देवळातला नाताळ असो, कर्णा चिरकू लागला की मंडपातून कोणीतरी ओरडणारच, "आवाज कमी करा हो!" आम्ही तीस वर्षे धर्मग्रामाच्या गायकवृंदात पेटी वाजवली. त्यातला निम्मा काळ सूर स्वच्छ राखण्यातच गेला. कधी भात्याला ठिगळ लाव, कधी एखादी रीड घासून जागेवर आण, कधी बेसूर गळ्याला मागच्या रांगेत उभे कर. म्हणून गेल्या वर्षी भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मला ओव्हरड्राईव्हचं पेडल घ्यायचंय," आणि ते काय करते असे विचारल्यावर, "गिटारचा आवाज थोडा फाडतं," असे सांगून मोकळा झाला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे नुसते पाहतच राहिलो.

भाच्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आमची धाकटी बहीण आणि आमचे मेहुणे बालाघाटच्या डोंगरातले. बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, त्यांतलेच हे एक. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाचसहा महिने कारखान्याच्या फडावर पाचटाची खोपी. त्यामुळे आमच्या धर्मग्रामाचा नाताळ अर्धा रिकामा असतो आणि देऊळ खऱ्या अर्थाने भरते ते पुनरुत्थानाच्या सणाला, हंगाम संपवून माणसे परतल्यावर. भाचा शाळेसाठी आमच्याकडेच वाढला. बारावीनंतर एक हंगाम तो स्वतः फडावर गेला. आलेल्या मजुरीतला मोठा वाटा त्याने आईच्या हाती दिला आणि उरलेले सहा हजार रुपये ह्या पेडलसाठी बाजूला ठेवले. गिटार त्याच्याकडे आधीपासून होती. माजलगावच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची, जुनी.

सहा हजार रुपये! ते कोणत्या कष्टाचे आहेत हे आम्हांस ठाऊक होते. त्याच्या तळहातावरचे घट्टे अजून गेले नव्हते. आवाज बिघडवणाऱ्या डबीवर ते घालवणे आम्हांस पटेना. "मीही येतो तुझ्याबरोबर," असे आम्ही म्हणालो खरे. पण मनात हेतू होता तो त्याला रिकाम्या हाताने परत आणण्याचा.

छत्रपती संभाजीनगरची एस.टी. गाठून आम्ही निघालो. गिटार मांडीवर आडवी धरून तो आम्हांस समजावू लागला. गाडीने गेवराई मागे टाकले तोवर आमचा वर्ग भरलाही होता, आणि शिक्षक होता तो!

विजेच्या गिटारचा तारेतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. तो मोठा करतो ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरची एक मर्यादा असते. सुराची लाट त्या मर्यादेहून उंच उठली की तिचा माथा छताला घासून सपाट होतो. माथा असा कापला गेला की त्या सुरात पूर्वी नसलेले वरचे सूर मिसळतात. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे ते सूर. त्यामुळे आवाज दाट होतो, लांबतो, थोडा खरखरतो. हे आधी कोणी ठरवून केले नव्हते, अपघातानेच झाले. 1951 साली अमेरिकेत मेम्फिस येथे 'रॉकेट 88' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा विली किझार्ट ह्या वादकाच्या ॲम्प्लिफायरला वाटेत इजा झालेली होती. त्यात कागद कोंबून काम भागवले, आणि तो फाटका आवाजच लोकांना आवडला. 1964 साली लंडनच्या 'किंक्स' ह्या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिस ह्या तरुणाने तर स्पीकरचा पडदा स्वतःच्या हाताने ब्लेडने चिरला. पुढे हे काम पायाखालच्या लहानशा डबीत आणले गेले. 'बॉस' ह्या जपानी कंपनीचे ओडी-1 हे पेडल 1977 साली निघाले, एसडी-1 हे 1981 साली. 'आयबनेझ'चे ट्यूब स्क्रीमर 1970-80 च्या दशकाच्या अखेरीस आले आणि त्याची टीएस-9 ही आवृत्ती 1982 साली. ही नावे भाचा अशी सांगत होता, जशी आमच्या लहानपणी आम्ही संतांची नावे पाठ म्हणत असू.

दुकानात शिरताच आमचा हेतू सफल होण्याची चिन्हे दिसू लागली. दुकानदाराने एक भलामोठा गिटारचा ॲम्प्लिफायर लावून दिला. त्यावर जे पेडल लावावे ते सुंदरच वाजे. अशा वेळी तरुण माणूस पहिल्याच आवाजाला भुलतो आणि पैसे मोजतो. भाच्याने मात्र विचारले, "साहेब, मिक्सर आणि साधा स्पीकर मिळेल का? आमच्या चर्चमध्ये तेवढंच आहे." दुकानदार क्षणभर थांबला, हसला आणि त्याने तशी सोय करून दिली. गिटारही भाच्याने दुकानातली हाती घेतली नाही. आपलीच, मांडीवरून आणलेली, पिशवीतून काढली.

आणि मग सगळेच पालटले. सर्वांत जोरात फाडणारे एक पेडल मोठ्या ॲम्प्लिफायरवर सिंहासारखे गरजत होते. साध्या स्पीकरवर त्याचे गांधीलमाश्यांचे मोहोळ झाले. भाच्याने कारण सांगितले. गिटारचा खास स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडतच नाही, त्यामुळे कापलेल्या लाटेचा काचरेपणा आपोआप गाळला जातो. भाषणाचा नि भजनाचा स्पीकर मात्र ते सगळे जसेच्या तसे ऐकवतो. तेव्हा आपल्याला थोडेच फाडणारे पेडल हवे, आणि त्याचा टोनचा नॉबही खालीच ठेवायला हवा. ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत आम्हांस आढळली नसती. वस्तू चांगली की वाईट हे ती कुठे वाजणार आहे त्यावर ठरते, हा धडा आम्ही पेटीच्या बाबतीत जाणत होतो. गिटारच्या बाबतीत तो भाच्याकडून शिकलो.

शेवटी दोन पेडले उरली, ट्यूब स्क्रीमर आणि एसडी-1. दोघांनाही तीनच नॉब: किती फाडायचे, किती उजळ ठेवायचे, किती मोठे करायचे. दोन्ही खर्जाचा भार कमी करून मधले सूर पुढे आणतात, म्हणजे माणसाचा गळा जिथे वावरतो तो भाग. फरक एवढाच की पहिले लाटेचा वरचा आणि खालचा माथा सारखाच कापते, तर दुसरे एक बाजू कमी आणि एक बाजू अधिक. अशा विषम कापण्यातून दुप्पट कंपनांचा सूर, म्हणजे मूळ सुराचाच वरच्या सप्तकातला भाऊ, अधिक मिसळतो.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही डोळे मिटा आणि कोणत्यात माझा हात ऐकू येतो तेवढं सांगा."

त्याने आपल्याच एका भजनाची चाल धरली. आधी अलगद, मग जोरात. अलगद वाजवले की सूर जवळजवळ स्वच्छ राही. जोर केला की त्याला काटा येई. मग त्याने गिटारवरचा आवाजाचा नॉब थोडा खाली केला, आणि पेडल चालू असूनही खरखर निवळली. डोळे मिटलेले असताना आम्हांस कित्येक वर्षांपूर्वी अंबाजोगाईला ऐकलेला तंबोरा आठवला. मिरजेचा होता तो. मिरजेला तंतुवाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात तलवारींवरून तारांकडे वळले, आणि 2024 साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. त्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, गायकाने सुताचा एक बारीक धागा सरकवला होता. धागा जागेवर बसताच कोरडी तार गुंजू लागली. जवारी लागली, असे त्याने म्हटले. तार घोडीच्या पृष्ठाला किंचित घासते म्हणूनच ती बोलते. घासली नाही तर मुकी राहते, फार घासली तर कर्कश होते. त्या घासण्याला आम्ही कधी दोष म्हटले नव्हते. मग ह्यालाच का म्हणावे?

"दुसरं," आम्ही म्हणालो. ते एसडी-1 निघाले. तिथे ते दुसऱ्याहून बरेच स्वस्तही होते आणि सहा हजारांत बसत होते, हा योगायोग. भाच्याने नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. आमच्याकडे वीज कधी जाईल ह्याचा नेम नाही. अॅडाप्टरचा ऋण ध्रुव मध्यभागी आहे ना, हेही त्याने नीट पाहून घेतले. गिटारची वायर पेडलच्या आत जाणाऱ्या भोकात राहिली तर बॅटरी गुपचूप उतरत राहते, म्हणून वाजवून झाले की वायर काढायची, असे त्याने आम्हांसच बजावले.

परतताना शहागडला गोदावरीच्या पुलावर संध्याकाळ झाली. डबी त्याच्या हातात होती. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, फडावरून आल्यावर आईचा आवाज असाच येतो. म्हणून ती आता गात नाही."

आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. कारण ती का गात नाही हे आम्हांस त्याच्याहून अधिक ठाऊक होते. लग्नाआधी आमची बहीण गायकवृंदाची पहिली गायिका होती. हंगामामागून हंगाम पाचटाची धूळ, चुलीचा धूर आणि पहाटेची थंडी गळ्यात साचत गेली. सातआठ वर्षांपूर्वी सणाच्या तालमीत वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला, तेव्हा आम्ही पेटी थांबवून सर्वांदेखत म्हणालो होतो, "तू जरा मागे उभी राहून हळू म्हण." ती मागे गेली. पुढच्या वर्षी ती बाकावर जाऊन बसली. भाच्याला हे कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. त्याने विचारले नाही आणि आम्हीही बोललो नाही.

सणाआधी पेडलचा प्रश्न फादरांपुढे गेला. काही वडीलधाऱ्यांना ते देवळात नको होते. फादरांनी शांतपणे आठवण दिली की 1963 सालच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने ऑर्गनला मानाचे स्थान दिले, तसेच इतर वाद्यांनाही, धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडे ठेवले; मात्र ते वाद्य पवित्र कार्यास साजेसे हवे, मंदिराची शान राखणारे हवे आणि भाविकांच्या उन्नतीस हातभार लावणारे हवे. तूर्त मिस्सामध्ये गिटार पेडलविना वाजावी आणि संध्याकाळी अंगणातल्या भजनाला पेडल असावे, असे ठरले. आम्हांस हा निवाडा योग्य वाटला. भाच्यानेही तो कुरकुर न करता मानला.

पुनरुत्थानाच्या रविवारी अंगण भरले होते. भाच्याने पहिला नॉब जेमतेम पाव फिरवला होता. तिसऱ्या भजनाला आम्ही पेटी पांढरी चारऐवजी काळी दोनवर धरली. गायकवृंदाने चमकून आमच्याकडे पाहिले. गिटार त्या उतरलेल्या सुरात, किंचित खरखरत, पेटीच्या मागोमाग आली. ध्रुवपदाच्या दुसऱ्या फेऱ्याला बाकावरून एक आवाज मिसळला. वरच्या सुरावर तो फाटला, पण थांबला नाही. गिटारचा सूर त्याच्या बाजूने चालत होता आणि दोन्हींतली खरखर एकमेकींत मिळून गेली. आम्ही भाता चालवत राहिलो. मेहुणे टाळ वाजवायचे विसरून बायकोकडे पाहत होते.

भजन संपल्यावर आम्ही बहिणीजवळ गेलो आणि त्या तालमीचे शब्द आठवून क्षमा मागितली. ती म्हणाली, "दादा, किती वर्षांची गोष्ट ती!" आणि चहाचे कप गोळा करू लागली. म्हणजे तीही विसरली नव्हती.

हे पेडल कसे निवडावे असे कोणी तरुण आता आम्हांस विचारतात, जणू आम्ही त्यातले जाणकार! आम्ही एवढेच सांगतो: आपली गिटार बरोबर न्या, आपल्याकडे असतो तसल्याच स्पीकरवर ऐका, अलगदही वाजवून पाहा, आणि डोळे मिटून ऐकणारे एक माणूस सोबत ठेवा. आमच्या गायकवृंदाची पेटी मात्र आता काळी दोनवरच असते. पहिल्या रांगेत एक गळा वाढला आहे.