जामीनदाराची सही

आमचे वडील एकदा जामीन राहिले होते. वाडीतील एका गृहस्थाने लॉरी घेण्यासाठी पतपेढीतून कर्ज काढले आणि वडिलांनी शेजारधर्म म्हणून कागदावर सही केली. दोन वर्षांत लॉरी गेली, गृहस्थही गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस आमच्या दारी आली. मातोश्रींच्या हातातील पाटल्या मोडून ते कर्ज फिटले. त्यांनी कधी त्रागा केला नाही. फक्त एवढेच म्हणत, ‘‘जेवला कोण नि पत्रावळ्या उचलायच्या कोणी!’’

हे वाक्य आम्हांस पुन्हा आठवले ते २०११ च्या ऑगस्ट महिन्यात, आयर्लंडमध्ये. तेथील एका खेड्यातील धर्मगुरू रजेवर गेले होते आणि महिनाभर त्यांच्या जागी मिस्सा अर्पण करण्यासाठी आम्ही गेलो होतो. देश कर्जात बुडाला होता. गावाबाहेर नव्या घरांची एक वसाहत अर्धवट टाकून दिलेली होती. खिडक्यांना काचा नव्हत्या, अंगणात गवत माजले होते. अशा अपुऱ्या वसाहती देशभरात २८०० हून अधिक असल्याचे आदल्या वर्षीच्या सरकारी पाहणीत आढळले होते.

एका रविवारी मिस्सानंतर शाळेत साफसफाई करणारी एक प्रौढ बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. तिचे वेतन कमी झाले होते, थोरला मुलगा कामाच्या शोधात ऑस्ट्रेलियाला गेला होता. ती म्हणाली, ‘‘फादर, मंत्री टीव्हीवर म्हणाले की, मौज आपण सगळ्यांनीच केली. मी घर घेतले नाही, कर्ज काढले नाही. मला या मेजवानीचे आमंत्रण कधी आले होते?’’ आम्ही समजुतीचे चार शब्द बोललो. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी पुढे जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२००७ साली आयर्लंडच्या सरकारवरील कर्ज राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे चतुर्थांश, म्हणजे अगदी बेताचे होते. उधळेपणा चालला होता तो बँकांत. युरोपच्या बाजारातून स्वस्त पैसा उचलायचा आणि तो बिल्डरांना व घर घेणाऱ्यांना वाटायचा, असा तो व्यवहार होता. घरांच्या किमती कोसळल्या आणि २००८ च्या २९ सप्टेंबरच्या रात्री सरकारने सहा वित्तसंस्थांच्या देण्यांची हमी घेण्याचे ठरविले. हमीची रक्कम होती सुमारे ४४० अब्ज युरो, देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या दुपटीहून अधिक! एका रात्रीत अवघे राष्ट्र जामीनदार झाले. सही मंत्र्यांची, पाटल्या मात्र घरोघरच्या.

पुढे बँका सावरण्यासाठी सुमारे ६४ अब्ज युरो ओतावे लागले, म्हणजे तान्ह्या बाळासकट दरडोई जवळजवळ १४ हजार. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याशी ८५ अब्जांचा करार झाला. त्यांतील साडेसतरा अब्ज आयर्लंडने स्वतःच घालावयाचे होते आणि त्यासाठी निवृत्तिवेतनाकरिता राखलेल्या निधीलाही हात घालावा लागला. नवा कर आला, मुलांचा भत्ता घटला. किमान वेतनही तासाला ८.६५ वरून ७.६५ युरोवर आणले गेले. ते काही महिन्यांनी पूर्ववत झाले, एवढेच समाधान.

मग दोष कोणाचा? बँकांच्या संचालकांचा तर खराच. त्यांना न आवरणाऱ्या नियंत्रकांचा, घरखरेदीवरील करांनी तिजोरी फुगलेली पाहून सुखावलेल्या सरकारचा आणि ऐपतीबाहेर कर्ज काढणाऱ्या काही कुटुंबांचाही. परंतु ऋणको असतो तेथे धनकोही असतो. व्याज हे काही अंशी जोखमीचे मोल असते. ज्याने ते मोल घेतले, त्याने बुडिताचा वाटाही उचलावा, हा साधा न्याय आहे. दुय्यम रोखेधारकांना तोशीस लागली. प्रमुख रोखेधारकांचे पैसे मात्र बव्हंशी पुरते परत गेले. त्यांना झळ लागू नये, असा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा आग्रह होता. या भूमिकेमुळे बँकांचे ओझे नागरिकांच्या माथी अनुचितपणे पडले, असा निष्कर्ष संसदीय चौकशी समितीने २०१६ च्या जानेवारीत नोंदविला. कर्ज फेडावे हे तत्त्व पोपमहाशय दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात मान्य केले आहे. परंतु लोकांना उपासमारीच्या व निराशेच्या खाईत लोटून ती फेड मागता येत नाही, हेही त्यांनी तेथेच बजावले आहे.

‘मौज सर्वांनीच केली’ असे म्हणणारे अर्थमंत्री ब्रायन लेनिहन त्या वेळी कर्करोगाशी झुंजत होते. २०११ च्या जूनमध्ये ते निवर्तले. त्यांच्याविषयी कठोर बोलण्याची आमची इच्छा नाही. तथापि, ते वाक्य आम्हांस पटत नाही. लेखणी हाती घेतली की आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणवितो. परंतु पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी हा शब्द चालत नाही. मिस्साच्या आरंभी सारी मंडळी एका सुरात पापकबुली देतात, तरी प्रत्येकाच्या ओठी शब्द असतो तो ‘मी’. पाप सर्वांचे म्हटले की ते कोणाचेच राहत नाही आणि प्रायश्चित्त मात्र त्या सफाई करणाऱ्या बाईला भोगावे लागते. मोठ्या अपराध्याला लपायला गर्दीसारखी दुसरी जागा नाही.

आमच्या वडिलांचीही चूक होतीच. न विचारता, न वाचता त्यांनी सही केली. ती चूक त्यांनी कबूल केली. परंतु लॉरीचे पैसे आपण खाल्ले, असे कबूल करण्याची पाळी त्यांच्यावर कोणी आणली नाही.

पुष्कळ वर्षांनी वडिलांच्या अंत्यविधीला तो गृहस्थ आला. केस पिकले होते, अंगावरचा सदरा विटला होता. मातोश्रींपुढे हात जोडून म्हणाला, ‘‘वहिनी, कर्ज माझं होतं.’’ पैसे त्याच्यापाशी तेव्हाही नव्हते. मातोश्रींनी डोळे पुसले आणि त्याला बसायला पाट दिला.