पेक्षां

मार्गशीर्षांतील गोष्ट. भंडाऱ्यास आमच्या घरीं नव्या चिनोर तांदुळाचा पहिला भात झाला होता. त्या दिवशीं स्वयंपाक धाकट्या सूनबाईंकडे होता. पहिला घास घेतांच आम्ही भर पंगतींत सहज बोलून गेलों, "थोरलीपेक्षां धाकटीच्या हातचा भात अधिक मोकळा होतो हो!" थोरल्या सूनबाई वाढीत होत्या, त्यांचा हात किंचित् थांबला. दुसऱ्या दिवसापासून भाताचें पातेलें त्यांनीं जावेच्या स्वाधीन केलें. चार दिवसांनीं आम्हीं कारण विचारलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, अधिक चांगला होत असतां कमी चांगला कशाला करावा?"

रात्रीं झोप येईना. आम्हीं जन्मभर शाळेंत व्याकरण शिकविलें. कपाटांतून मोरो केशव दामल्यांचें १९११ सालचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढून बसलों खरे, पण मन त्या एका वाक्यांतच घोटाळत राहिलें. संस्कृतांत लघु, लघुतर, लघुतम अशीं विशेषणाचींच रूपें पालटतात. इंग्रजींतहि ग्रेट, ग्रेटर, ग्रेटेस्ट असें होतें. मराठींत 'मोकळा' तो मोकळाच राहतो. जें काय चिकटावयाचें तें, ज्याच्याशीं तुलना करावयाची त्या बिचाऱ्याला! स्तुति एकीची, आणि 'पेक्षां' दुसरीच्या नांवाला. 'हून' घेतलें तरी सुटका नाहीं. 'नागपूरहून आलों' यांतला 'हून' दुरावा दाखवितो. 'थोरलीहून' म्हणतांच एका स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या दोघींत अंतर पडतें. आणि 'पेक्षां' हा शब्द तर संस्कृत 'अपेक्षा' यापासूनच आलेला. थोरल्या सूनबाईंची वीस वर्षांत आमच्याकडून कांहीं अपेक्षा असलीच, तर ती एका चांगल्या शब्दाची असेल. तो आम्हीं कधीं उच्चारला नव्हता.

सकाळीं स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन आम्ही म्हणालों, "सूनबाई, वीस वर्षें तुमच्या हातचा भात खाऊन आम्ही तृप्त आहों." त्या कांहीं बोलल्या नाहींत.

वाचकहो, घरच्या माणसांविषयीं बोलतांना विशेषणापाशींच थांबावें. 'भात चांगला झाला' हें वाक्य पूर्ण आहे. आमच्या घरीं पातेलें अजून धाकटीकडेच असतें. मात्र काल थोरल्या सूनबाई आमच्या पानावर भात वाढतांना म्हणाल्या, "आणखी थोडा घ्या, मामंजी."