विठोबाची मूठ

जात्यावर बसण्याआधी आजी सुपातलं मूठभर धान्य काढायची आणि उतरंडीच्या सगळ्यात वरच्या गाडग्यात टाकायची. ती विठोबाची मूठ. आषाढीला आमच्या गावावरून दिंडी जायची, तिच्या पंगतीला ते धान्य द्यायचा घरचा रिवाज.

१९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, बैल विकले. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापतानाच चिरायची. आम्हा पोरांना कामावरच्या सुकडीचं काय ते सुख. तरी आजीची मूठ चुकली नाही, मिलोचीसुद्धा. विठोबा मिलो खाईल का, असा प्रश्न मला पडायचा, पण विचारायची टाप नव्हती.

एकदा पगार लांबला. दुकानदारानं उधारी बंद केली. घरात दाणा नाही. वडिलांनी गाडग्याकडे हात नेला तशी आजी आडवी आली.

"त्ये आपलं न्हाई."

"आये, पोरं उपाशी हायती."

"मागल्या आळीला वली बाळंतीन हाय. दोन दिस तिची चूल पेटली न्हाई. तिला देनार हाय मी."

वडील काही बोलले नाहीत. आईनं पदर तोंडाला लावला. आजी गाडगं घेऊन अंधारात गेली आणि रिकामं घेऊन आली. आम्ही पाणी पिऊन, पाय पोटाशी घेऊन पडलो. रोज आजीच्या कुशीत झोपणारा मी त्या रात्री तिच्याकडं पाठ करून झोपलो. तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. देवावरचा भरवसा तिचा होता, फोड आई-वडिलांच्या हाताला होते.

दिवस उगवायला बाळंतिणीची सासू दारात. फडक्यात चार भाकरी, त्याच मिलोच्या.

"लेकरं हायती तुमच्यात. आमच्या गळ्याखाली उतरंना."

आजीनं वडिलांकडं बघितलं. "धाडलं का न्हाई त्यानं?"

"आये, आपलंच आपल्याला धाडलं की!"

"मग? त्याचं आन् आपलं येगळं कवा हुतं?"

रात्री 'आपलं न्हाई' म्हणणारी हीच बाई! वडिलांना हसू आवरेना. तोंडातल्या घासानं त्यांना ठसका लागला.

पगार चौथ्या दिवशी झाला. वडील रेशनची पिशवी घेऊन आले. गाडगं अजून चुलीपाशीच पडलं होतं. त्यांनी ते उचललं, आतून हातानं पुसलं आणि पुन्हा उतरंडीवर चढवलं.