चुलीची राखण

चुलीविषयी आपली भाषा मोठी उदार आहे. भाऊ विभक्त झाले की वेगळी चूल मांडतात. घरात दाणा नसला की चूल पेटत नाही. आणि दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून झाले की घरोघरी मातीच्याच चुली असल्याचे सांगून आपण मोकळे होतो. परंतु मांडलेली चूल रोज राखावी लागते, याची दखल या वाक्प्रचारांनी फारशी घेतलेली दिसत नाही. मातीची चूल ही एकदा घालून निकालात निघणारी वस्तू नव्हे. विस्तव तिला दररोज थोडथोडा खात असतो, आणि कोणीतरी तिला दररोज थोडीथोडी पुन्हा घडवीत असते.

आमच्या कोकणातल्या घरी हे ‘कोणीतरी’ म्हणजे काकू. गॅस आल्यावरही पेज, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच होत असे. पुढे धुराने त्यांचा दमा बळावला, डॉक्टरांनी चुलीपुढे बसण्यास मनाई केली, आणि चुलीची निगा माझ्याकडे आली. काकू माजघराच्या उंबऱ्यावरून सांगत, “राख सगळी उपसू नकोस रे. तळाला बोटभर राहू दे. तिच्यावर निखारा जगतो.”

या बोटभर राखेत बरेच शास्त्र आहे. राख मुळीच नसेल, तर निखाऱ्याची ऊब जमीन ओढून घेते. फार साचली, तर लाकडाखालून वारा खेळत नाही आणि अर्धवट जळणारे लाकूड धूर ओकू लागते. वैलाकडे जाणारी वाट हात घालून मोकळी करावी लागते. ती बुजली की मागच्या भांड्यापर्यंत आच पोचत नाही. भेग पडली असेल, तर आधी पाणी शिंपडून, भाताचे तूस घालून मळलेली माती तीत दाबून भरावी. नुसती चिकणमाती वाळताना आकसते. तूस तिला धरून ठेवते. शेवटी शेणमातीच्या काल्यात बुडविलेले पोतेरे फिरवावयाचे. पण चूल पुरती निवल्यावर. गरम मातीवरचे पाणी झटकन उडून जाते आणि सारवणाचे पापुद्रे सुटतात. हे सारे नीट झाले तर कोणाच्याही लक्षात येत नाही. एक दिवस चुकले, तर घरभर माणसे डोळे चोळीत हिंडतात.

काढलेली राखही वाया जात नसे. तिच्यातील क्षारामुळे भांड्यांचा ओशटपणा निघतो. ती कडधान्यात मिसळली की कीड दूर राहते. आगकाडी जपून वापरण्याच्या काळी रात्रीचा निखारा राखेतच पुरून ठेवीत आणि पहाटे फुंकणीने जागा करीत. संस्कृतात ‘रक्षा’ या एकाच शब्दाने रक्षणही सांगितले जाते आणि राखही. तो शब्द कोणाला सुचला असेल, हे चूल सारवणाऱ्यास विचारावे लागत नाही.

धुरावर उपाय शोधणारे पुष्कळ झाले. वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ साली थांबला. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांत अशा चुलींची चार वर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणारीच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे तो लाभ उरला नाही. चुलींची डागडुजी होत नव्हती आणि त्यांचा वापरही ओसरत गेला. मला याचे नवल वाटले नाही. धुराड्यातली काजळी झाडण्याचे काम आधीच कामाने वाकलेल्या त्याच बाईच्या माथी यावयाचे. तिला त्यासाठी वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न चुलीच्या आराखड्यात मावत नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि लक्षावधी घरांत गॅसची शेगडी आली. सिलिंडर परवडत नाही तेथे शेजारी चूलही राहिली. शेगडीला राख नाही, सारवण नाही. याचे मला दुःख होत नाही. चुलीवरच्या भाकरीची चव आठवून गहिवरणारी पुष्कळ माणसे मला भेटतात. त्यांनी आधी महिनाभर रोज चूल सारवून पाहावी. त्यानंतरही गहिवर टिकला, तर तो खरा मानण्यास माझी हरकत नाही.