अजिंठ्याहून जामोदला

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लेण्यांकडे जाणाऱ्या बसची वाट पाहताना बुलढाणा जिल्ह्यातले एक शिक्षक भेटले. म्हणाले, "आमच्या जळगाव जामोद तालुक्यात एक भाषा आहे, तिला जगात कुणी सोयरं नाही." माझं अर्धं मन तिथूनच जामोदला निघालं.

पद्मपाणीच्या चित्रापुढं गर्दी होती. मी पुढं सरकलो. रेंगाळलो ते दहाव्या लेण्यापाशी. दर्शनी कमानीवर वासिठिपुत कटहादीच्या दानाचा प्राकृत लेख आहे, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. सोळाव्यात वाकाटक हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा संस्कृत लेख. गाइड मात्र लेखांपाशी क्षणभरही थांबू देईना. रात्री लॉजवर ना पाणी, ना पंखा. पहाटेच निघालो. मलकापूर मागे पडलं, नांदुऱ्याचा 105 फुटी मारुती खिडकीतूनच पाहिला.

शिक्षकांनी सांगितलेली सातपुड्याच्या पायथ्याची ही भाषा म्हणजे निहाली. बोलणारे तिला 'कालटो' म्हणतात. ते उरलेत अवघे दोन हजारांच्या आसपास. अंगणात बसलेल्या आजींनी दोन, तीन, चार मोजून दाखवले : इरार, मोथो, नालो. हे द्राविडी वळणाचे. कितीतरी शब्द शेजारच्या कोरकूतले, कितीतरी मराठी-हिंदीतले. पण सुमारे चौथा हिस्सा शब्दांचं कूळ कुठंच लागत नाही. पाण्याला 'जोप्पो' म्हणतात, तो त्यातलाच.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात निहालीला मुंडा कुळात बसवलं होतं. डच पंडित कायपर यांनी 1962च्या पुस्तकात ती मुळात गुप्त बोली असावी, अशी शक्यता मांडली. मला ते पटत नाही. परक्याला कळू नये म्हणून माणूस मोजके शब्द फिरवेल; पाण्याचं नाव कशाला लपवेल? घरात लेकराशी जी बोलली जाते, ती भाषाच.

पॅसिफिकमधल्या नाउरूची भाषाही मूठभर लोकांची, पण 21 चौरस किलोमीटरचं का होईना, तिला स्वतःचं राष्ट्र आहे. निहालीला राज्य नाही, लिपी नाही, कटहादीसारखा दाताही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी तिचं व्याकरण नोंदवलं, हे मोठं काम. पण नोंदीनं भाषा जगत नाही. निहाली बोलणाऱ्या गावांतल्या जिल्हा परिषद शाळांनी पहिली-दुसरीची पोरं निहालीतून शिकवावीत, आणि तेही आजी-आजोबांची ही पिढी आहे तोवरच सुरू करावं.