पानशेतच्या आधी, पानशेतच्या नंतर

मागच्या वीकेंडला आम्ही चौघं कोकणात उतरत होतो. घाटात चहाला थांबलो. समोर रस्त्यासाठी तासलेला काळा कडा आणि त्यात मधोमध हातभर जाडीचा तांबडा पट्टा, पट्टीने आखल्यासारखा. असे पट्टे लहानपणापासून बघतोय, पण ते काय असतात हे कधी विचारलंच नव्हतं. यावेळी बरोबर एक जिऑलॉजीवाला मित्र होता. झालं, लेक्चर सुरू!

लाव्हाचा एक थर आला, थंड झाला. मग बराच काळ शांतता. तेवढ्यात वरच्या भागाची ऊन-पावसाने माती झाली, त्यातलं लोखंड गंजलं. मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर पसरला आणि माती भाजून निघाली.

"म्हणजे हा होरायझन ना?" मी कुठेतरी वाचलेला शब्द फेकला.

"पलीकडच्या घाटातला लाल पट्टा आणि हा, एकाच वेळचे आहेत हे सिद्ध करशील?"

आता आली का पंचाईत!

तर मंडळी, थर वेगळा आणि होरायझन वेगळा. थराला जाडी असते. होरायझन म्हणजे थरांमधली एक पातळी, तत्त्वतः जाडीच नसलेली. प्रत्यक्षात ज्वालामुखीच्या राखेसारखा एखादा पातळ थरही चालतो. पण तो लांबवर सापडायला हवा, हमखास ओळखता यायला हवा. आणि त्यावरून काळ जुळवायचा, तर सगळीकडे एकाच वेळी पडलेला हवा. सह्याद्रीत लाल पट्टे ढिगाने आहेत, नुसत्या रंगावरून जोड्या लावल्या की फसलो. गंमत म्हणजे मातीचा अभ्यास करणारे हाच शब्द जागच्या जागी बनलेल्या, चांगल्या जाड थरांना वापरतात. पुरातत्त्ववाले थोड्या काळात दूरवर पसरलेल्या भांड्यांच्या घडणीला वगैरे. एकच व्हेरिएबल, तीन स्कोप!

खरा नमुना इटलीतल्या गुब्बिओचा. तिथे चुनखडीत जेमतेम सेंटीमीटरभर चिकणमाती आहे. ती साठायला किती काळ लागला, हे वॉल्टर अल्वारेझना मोजायचं होतं. त्यांचे वडील लुईस यांनी सुचवलं, इरिडियम मोजा. अंतराळातली धूळ सतत थोडीथोडी पडत असते, तिचंच घड्याळ करू. निघालं भलतंच, नेहमीच्या तीसेकपट इरिडियम! डेन्मार्क आणि न्यूझीलंडमध्येही तेच. १९८० साली त्यांनी लिहिलं की ही लघुग्रहाच्या धडकेची खूण आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, डायनोसॉर संपले तेव्हाची. तीन देशांतले खडक एका रेघेवर आले.

हे आम्ही ऑफिसात रोज करतो. दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसली की टाइमस्टॅम्पवर भांडत बसायचं नाही. दोन्ही लॉगमध्ये उमटलेली एक घटना शोधायची, उदाहरणार्थ वीज गेल्याची. मग तिच्या वरचं वर, खालचं खाली.

हे कळत असूनही मी गेल्या महिन्यात आजीशी भांडलो होतो. तिच्या आठवणींचं एक्सेल करत होतो आणि ती सालं चुकवत होती. मामाआजोबांची नोकरी एकदा १९५८, एकदा १९६३. "आजी, नीट सांग ना गं, मघाशी वेगळं म्हणालीस." ती गप्प झाली. म्हणाली, "राहू दे रे, मला आता काही आठवत नाही." त्यानंतर तिने तो विषयच काढला नव्हता.

घाटातून आलो आणि तिच्याजवळ बसलो. साल विचारलंच नाही. विचारलं, "पानशेतच्या आधी की नंतर?"

आजी लख्ख झाली. नोकरी नंतर, कारण पहिल्या पगारात पुरात गेलेली भांडी परत घेतली. आक्काचं लग्न आधी, कारण तिची पोलकी ज्या मशिनवर शिवली, ते मशिनच पुरात गेलं. तासाभरात एक्सेलच्या बावीस ओळी जागेवर! नेमकं साल फक्त एका ओळीत आहे, १२ जुलै १९६१. बाकी सगळ्या तिच्या वर किंवा खाली.

चार ओळी मात्र अजून तरंगताहेत, त्यांना पाणी लागलेलंच नाही. पण त्यांच्यासाठी आजीने स्वतःहून दुसरी खूण सुचवली, कोयनेचा भूकंप. आता पुढच्या शनिवारी बसणार आहोत.