अठ्ठावीस दाते

खेळण्यातल्या मोटारीने माझी अब्रू घेतली, असे सांगितले तर वाचक हसतील. खुशाल हसावे, दिवाळी आहे. पण २०२३ च्या भाऊबीजेला साताऱ्यात ताईच्या ओसरीवर माझे तोंड उतरले, त्याला कारण ती निळी मोटारच होती.

भाच्यासाठी ती मी मोठ्या हौसेने नेली होती. भाचा नऊ वर्षांचा. बोटे जन्मापासून आखडलेली. तळहाताने दाबता येते, पण चिमटीत धरणे जमत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच? त्याला मांडीवर घेऊन बाराखडी मीच शिकवली आहे. तरीही दुकानात उभा राहून मी मोटारीचा रंग पाहिला, चाके पाहिली, दिवे पाहिले. रिमोटवरच्या त्या दोन नाजूक दांड्या तेवढ्या पाहिल्या नाहीत. पोराने त्या एकदा चाचपल्या आणि रिमोट माझ्याकडे सरकवला.

"मामा, तूच चालव. मी बघतो."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

त्या रात्री मी रिमोट उघडला. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबऱ्यांतून कितीतरी माणसे उलगडून बसलो, पण असले स्क्रू प्रथमच उलगडत होतो. दांड्यांच्या जागी मोठी बटणे जोडावीत, इतकाच बेत. डाग देण्याची तापलेली कांडी हातातून घसरली, तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या उखडल्या, आणि मोटार आता मामालाही चालवता येईना.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले. "मास्तर, पट्ट्या अशा जाळल्यात की कुठली कुठे जात होती ते आता चिपेलाच विचारायला हवं." चिपेवरचे नाव तर कारखान्यातच घासून टाकलेले. कोणी नक्कल करू नये म्हणून असे करतात म्हणे.

मग जे चालले त्यात मी केवळ प्रेक्षक होतो. पत्र्याच्या डबीसारखा एक क्रिस्टल काकांनी दाखवला, त्यावर २७.१४५ असे कोरलेले. म्हणजे सेकंदाला २ कोटी ७० लाखांहून अधिक आंदोलने. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लहानशी नाव रेडिओने चालवून दाखवली, त्याच घराण्यातले हे खेळणे. लहरींवर स्वार होऊन निरोप जातो, पण निरोप काय असतो? काकांनी चिपेच्या एका पायापासून तार काढून जुन्या संगणकाच्या माइकच्या भोकात खोचली आणि दुसऱ्या तारेने एकेक पाय जपून ऋण टोकाला टेकवू लागले. पडद्यावर फणीसारखे दाते उमटले. आधी चार रुंद दाते, ते जणू 'अरे, ऐक' म्हणणारे. त्यामागून अरुंद दात्यांची रांग.

"मोज रे," काका भाच्याला म्हणाले.

त्याला आकड्यांचे वेड. "दहा!" दहा म्हणजे पुढे. दुसऱ्या पायाला चाळीस, ते मागे. अठ्ठावन्न डावीकडे, चौसष्ट उजवीकडे. पुन्हा चार रुंद, पुन्हा तेवढेच अरुंद, असे बटण दाबले असेपर्यंत अखंड चालते. मोटारीतली चिप दाते मोजते आणि त्याप्रमाणे चाके फिरवते.

"आणि पुढे जाता जाता डावीकडे?" भाच्याने विचारले, स्वतःच उत्तर दिले, "अडुसष्ट!"

काकांनी दोन पाय एकदम टेकवले. मोजले तर अठ्ठावीस.

पोरगा रुसला. दहा अधिक अठ्ठावन्न अठ्ठावीस कसे? इथे मात्र माझी मास्तरकी कामी आली. म्हटले, हे जोडाक्षर आहे बाबा. क आणि ष मिळून क्ष होतो, त्यात क कुठे दिसतो? त्याला पटले. खरे तर मलाही ते बोलता बोलताच पटले.

आता अडचण निराळीच होती. वळताना दोन बटणे एकदम दाबायला लागतात, आणि भाच्याचा एकच तळहात नीट पडतो. काकांनी जोडाक्षरासाठी स्वतंत्र बटणच केले: एक दाबले की पुढे आणि डावे, दोन्ही पाय टेकावेत, तसेच दुसरे उजवीकडचे. नुसत्या तारा जोडल्या असत्या, तर साधे पुढचे बटणही वळू लागले असते. म्हणून मध्ये डायोड घातले. डायोड म्हणजे विजेची एकेरी वाहतूक. ताईने अडगळीतला पाट काढून दिला, त्यावर दाराच्या बेलची चार मोठी बटणे बसली. काकांनी पैसे घेतले ते फक्त बटणांचे.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी तो पाट अंगणात मांडला. पोरांनी केलेला मातीचा किल्ला अजून उभा होता. शेजारचा मुलगाही आपली नवी लाल मोटार घेऊन आला. भाच्याने तळहात ठेवला, निळी मोटार निघाली, आणि मागोमाग लालही निघाली! तिचा मालक रिमोट हातात धरून पाहतच राहिला. दोन्हींचा क्रिस्टल एक, बोली एक. निरोप कोणाचा हे विचारण्याची सोयच त्या चिपेत नाही.

"मामा, दोन्ही माझंच ऐकतात!" भाचा ओरडला, आणि पुढच्या क्षणी "अठ्ठावीस!" म्हणून त्याने डावे जोडाक्षर दाबले. दोन्ही मोटारी एकदम वळल्या आणि किल्ल्याच्या तटात घुसल्या.

"अरे, महाराज पडले!" ताई धावली.

"चाळीस," भाचा शांतपणे म्हणाला, आणि दोन्ही मोटारी मागे आल्या.